जंतूही मरतात, सूजही उतरते

मंगळवारी सकाळी दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो, तर आरशातल्या माणसाचा डावा डोळा लालभडक होता. पापण्या एकमेकींना चिकटलेल्या, कोपऱ्यात पिवळट चिपाड, आणि चेहऱ्यावर असा भाव की हा गृहस्थ रात्रभर कुणाशी तरी भांडून आला आहे.

दुसऱ्या एखाद्या अवयवाने असं केलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण मी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. सरकार जे जे छापतं, म्हणजे हुकूम, नेमणुका, बदल्या, नियम, नियमांतले बदल आणि त्या बदलांतल्या दुरुस्त्या, ते छापायच्या आधी अक्षरन् अक्षर तपासून खाली सही करणारा माणूस मी. बावीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही ऱ्हस्व दीर्घ होऊन बाहेर पडलेला नाही. ऑफिसात माझ्या माघारी मला ‘भिंग’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतं. लोक लग्नपत्रिका छापायला टाकण्याआधी मला दाखवतात. एका लग्नात तर मी वराच्या वडिलांचं नाव वाचवलं होतं, पण ते असो.

“अहो, आज ऑफिसला जाऊ नका. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा,” ही म्हणाली. आमची ही एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बाटल्या, बरण्या, परीक्षानळ्या यांच्याशी तिचं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे तिच्या बोलण्यात नेहमी एक खबरदारीची सूचना असते.

“डॉक्टरकडे काय, दिवस मोडतो. एवढ्याशा डोळ्यासाठी रजा?”

“डोळा एवढासाच असतो,” ही म्हणाली आणि डबा भरायला लागली.

आमची इमारत तीन मजल्यांची आहे. तिच्या जिन्यात आजार झाकून ठेवायची सोय नाही. तळमजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी मला पाहताच हुकूम सोडला, “थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या, हात लावायचा नाही, आठ दिवस आपला टॉवेल वेगळा.” एवढा साधा उपाय ऐकून मला अपमान झाल्यासारखं वाटलं. माझ्या डोळ्याला काहीतरी झालं आहे आणि औषध काय, तर पाणी! पहिल्या मजल्यावर विमा एजंट राहतो. त्याला सगळे ‘पॉलिसी’ म्हणतात. तो हळहळला, “डोळ्यांचं कव्हर वेगळं घ्यायला हवं होतं तुम्ही. आता घेता नाही येणार. आता ते आधीचं दुखणं झालं.”

आणि मग आमच्या समोरच्या दारातून काका बाहेर आले. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटेच राहतात. स्वभाव देवमाणसाचा, फक्त एक खोड: उरलेलं औषध ते टाकत नाहीत. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी गेल्या पंधरा वर्षांचे खोकले, ताप, मुरगळे आणि पित्तं जपून ठेवली आहेत. त्यांनी माझी पापणी दारातच वर करून पाहिली, “हं” म्हणाले, आत गेले आणि एक इवलीशी पांढरी बाटली घेऊन आले. लेबल पुसट झालेलं.

“माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिले होते हे थेंब. टू-इन-वन आहे. एकच थेंब, पण जंतूही मरतात, सूजही उतरते. दोन वेगळ्या बाटल्या घ्यायची भानगडच नाही.”

“ऑपरेशन होऊन वर्ष झालं ना, काका?”

“मुदत अजून दोन महिने आहे. बघ, बुडाला छापलंय.”

छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणं हा माझा धंदा आहे. एकदा उघडलेली थेंबांची बाटली महिन्याभरात टाकायची असते, हे बुडाला छापलेलं नव्हतं.

ही मागून म्हणाली, “लेबल नसलेल्या बाटलीतलं काही आम्ही बेडकावरसुद्धा टाकत नाही.”

“बेडूक ऑफिसला जात नाही,” मी म्हणालो. त्या क्षणी मला हे उत्तर फार हजरजबाबी वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा पांढराशुभ्र! लाली नाही, सूज नाही, चिपाड नाही. मी हिला आरशासमोर बोलावून पांढरा डोळा दाखवला, अगदी न बोलता. ती म्हणाली, “बरं.” बायकोने नुसतं ‘बरं’ म्हणावं आणि त्यावर आपण जिंकल्यासारखं वाटून घ्यावं, यातच संसाराचं सुख असतं.

मी तिथे थांबलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण चार दिवसांनी थेंब बंद केले आणि डोळा पुन्हा लाल झाला. पुन्हा टाकले, पुन्हा पांढरा. यावरून मी निष्कर्ष काढला की औषध फारच गुणी आहे. बाटली संपली तेव्हा मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने बाटली उजेडात धरली. “अँटिबायोटिक विथ स्टेरॉईड. चिठ्ठी आहे?”

“चिठ्ठी नाही. पण स्टेरॉईड म्हणजे तेच ना, ते व्यायामशाळेतले लोक दंड फुगवायला घेतात ते?”

“ते वेगळं हो साहेब. हे सूज उतरवतं. चिठ्ठी लागते खरं म्हणजे,” असं म्हणत त्याने बाटली कागदी पिशवीत घातलीसुद्धा. “रोज दहा जातात. उद्या आणून दाखवा चिठ्ठी.”

मी पुढे चार वेळा गेलो. चारही वेळा तो “उद्या आणा” म्हणाला. नियम पाळण्याची त्याची तळमळ मला आवडली.

दरम्यान मी इमारतीचा नेत्रतज्ज्ञ झालो होतो. पॉलिसीचा डोळा चुरचुरला, मी थेंब टाकला. त्याच्या बायकोच्या पापणीला रांजणवाडी आली, मी थेंब टाकला. मोठ्या बाईंनी पंधरा दिवस दाद दिली नाही, पण शेवटी त्यांच्याही डोळ्यात कचरा गेला आणि त्याही माझ्या दारात उभ्या राहिल्या. “मान वर,” मी त्यांना म्हणालो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या माना खाली घालायला लावणाऱ्या बाईंना ‘मान वर’ म्हणताना मला काय वाटलं ते मी सांगत नाही. सगळ्यांना एकाच बाटलीतून. बाटलीचं टोक प्रत्येकाच्या पापण्यांना टेकवून, म्हणजे थेंब वाया जाऊ नये. महिन्याभरात जिन्यातली सगळी माणसं एकदा लाल होऊन पांढरी झाली होती, आणि साथ आहे म्हणून मी हवेला दोष देत होतो.

सातव्या आठवड्यात मला दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली. मला वाटलं विजेचा दाब कमीजास्त होतोय. अक्षरांच्या कडांना लव फुटल्यासारखं दिसायला लागलं. मला वाटलं छापखान्याने शाई बदलली. डोळा लाल नव्हता, म्हणजे डोळ्याला काही झालेलं नव्हतं. मग दोष जगाचाच.

अशा अवस्थेत माझ्या टेबलावर एका खात्याच्या नव्या संचालकांच्या नेमणुकीची अधिसूचना आली. मी ती वाचली, खाली सही केली, आणि ती राजपत्रात छापून आली: ‘श्री. अमुक यांची संचालक म्हणून निवृत्ती करण्यात येत आहे.’

नियुक्तीची निवृत्ती! अक्षरं जुळवणाऱ्याच्या हातून चूक झाली होती, पण ती पकडायला सरकारने बावीस वर्षं मला ठेवलं होतं.

तुम्ही म्हणाल, कुणालाही कळेल की ही छपाईची चूक आहे. कळलं ना, सगळ्यांनाच कळलं. पण कळणं वेगळं आणि छापलेलं वेगळं. सोमवारी संचालक रुजू व्हायला गेले, तर फाटकावरच्या रखवालदाराने त्यांना राजपत्र दाखवलं. निवृत्त माणसाला आत सोडायचं तर पास लागतो. त्याने पास करून दिला; त्यावर ‘भेटीचे कारण’ या रकान्यात लिहिलं, ‘रुजू होणे’. जी माणसं खरोखर निवृत्त होतात त्यांची फाईल दोन-दोन वर्षं हलत नाही, पण या गृहस्थांना पेन्शन विभागाने तिसऱ्या दिवशी अर्ज पाठवला आणि सोबत हयातीचा दाखला मागितला. खात्यातल्या लोकांनी निरोप समारंभाचा हार आणून ठेवला होता, तो वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी त्यांच्या गळ्यात घातलासुद्धा.

आमच्या अधीक्षकांनी मला बोलावलं. ते दयाळू आहेत. ओरडत नाहीत, लेखी देतात.

“भिंग...” ते चुकून म्हणाले, मग सावरले. “असं कसं झालं हो तुमच्याकडून?”

“डोळा जरा... पण आता लाल नाहीये, साहेब.”

“शुद्धिपत्रक काढावं लागेल. नियम असा आहे की ज्याने मूळ मजकूर तपासला त्यानेच शुद्धिपत्रक तपासायचं. आणि तुमची नजर शंकास्पद ठरल्यामुळे नजर ठीक असल्याचं प्रमाणपत्र आणल्याशिवाय तुम्हाला काही तपासता येणार नाही. प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळ देतं. मंडळ महिन्यातून एकदा बसतं.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत संचालकसाहेब निवृत्त.”

मंडळाचा अर्ज इतक्या बारीक टायपात होता की चांगली नजर असल्याशिवाय तो भरताच येऊ नये, अशी योजना असावी. तो हिने भरला. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची होती. अशा रीतीने, ज्या डॉक्टरकडे जाण्यात एक दिवस मोडेल म्हणून मी गेलो नव्हतो, त्यांच्याकडे दोन महिन्यांनी, नोकरी पणाला लावून, सरकारी दवाखान्याच्या रांगेत अठ्ठावीस नंबरला जाऊन बसलो.

डॉक्टर माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी होती. तिने माझी हनुवटी यंत्रावर टेकवली, निळा दिवा डोळ्याजवळ आणला, आणि दोनदा पुन्हा पाहिलं. तिचं पुन्हा पुन्हा बघणं मला आवडलं नाही.

“काय टाकत होता?”

मी बाटली काढून दिली.

“किती दिवस?”

“आठ आठवडे. अगदी नियमित. दिवसातून चार वेळा.” नियमितपणाबद्दल दोन शब्द ऐकायची माझी तयारी होती.

“कुठल्या डॉक्टरांनी दिलं?”

“आमच्या समोरच्या काकांनी.”

“ते डॉक्टर आहेत?”

“नाही, पाणीपुरवठ्यात होते.”

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. “अहो, यात दोन औषधं आहेत. एक जंतू मारतं. दुसरं स्टेरॉईड. ते लाली आणि सूज उतरवतं. लाली म्हणजे डोळ्याची आरडाओरड असते. तुम्ही आरडाओरड बंद केलीत. चोर गेला की घरातच बसलाय, ते कुणी पाहिलं नाही. तुमचे डोळे आले होते, बहुतेक व्हायरसमुळे. त्यावर हे जंतूंचं औषध चालतच नाही. आठ-दहा दिवसांत आपोआप गेलं असतं.”

“आपोआप?”

“थंड पट्ट्या ठेवून. टॉवेल वेगळा ठेवून.”

मला मोठ्या बाईंचा चेहरा आठवला आणि मी विषय बदलला. “पण मग हे औषध वाईट आहे का?”

“अजिबात नाही. तुमच्या त्या काकांना ऑपरेशननंतर दिलं ते बरोबरच होतं. मीसुद्धा देते. पण आधी डोळा तपासून, किती दिवस ते सांगून, आणि मध्ये मध्ये डोळ्याचा दाब बघत. काही जणांचा दाब यानं वाढतो.” तिने कागद माझ्याकडे फिरवला. “एकवीसच्या आत असावा लागतो. उजवा सोळा आहे. डावा अडतीस.”

“एवढा? पण मला दुखत नव्हतं.”

“बहुतेकांना दुखत नाही. तोच तर त्रास आहे. नजर कडेने जाते, गुपचूप. मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणूस म्हणतो मला सगळं दिसतंय.”

ही माझ्याबरोबर होती. तिने विचारलं, “गेलेली नजर परत येते?”

“दाब उतरेल. धूसर दिसतंय ते जाईल. पण कडेचं जे गेलं असेल ते नाही येत, ताई. किती गेलंय ते तपासून सांगते.”

त्या खोलीत भिंतीवर एक पंखा होता. तो इकडून तिकडे मान हलवत होता. बावीस वर्षं मी जगातल्या चुका शोधत होतो, आणि माझ्याच पापणीखाली मी रोज चार वेळा एक चूक मोजून सोडत होतो.

डॉक्टरने ते थेंब कसे कमी करत बंद करायचे ते लिहून दिलं, दाब उतरवायचे वेगळे थेंब दिले, आणि विचारलं, “या बाटलीतून आणखी कुणी थेंब घेतले?”

मी नावं सांगायला लागलो. तिसऱ्या नावाला तिने हात वर केला. “सगळ्यांना घेऊन या.”

शनिवारी आमचा अख्खा जिना दवाखान्यात गेला. मोठ्या बाई पुढे, पॉलिसी दांपत्य मध्ये, सगळ्यात मागे काका, मान खाली. नशीब एवढंच की दोन-चार दिवसच थेंब घेतल्यामुळे बाकी कुणाचा दाब वाढला नव्हता. पॉलिसीच्या बायकोची रांजणवाडी तर शेकून जाण्यासारखी होती. मोठ्या बाईंचा डोळा पाहून डॉक्टर म्हणाली, “कचरा होता, तो गेलाय.” बाईंनी बाहेर आल्यावर माझ्याकडे पाहिलं. शाळा सोडून त्यांना वीस वर्षं झाली आहेत, पण मला उगाच दोन्ही हात पुढे करावेसे वाटले.

त्या संध्याकाळी काका बिस्किटांचा डबा घेऊन आमच्याकडे आले आणि हिच्यासमोर ठेवून म्हणाले, “तुझ्या हाताने टाक. मला नाही टाकवत.” हिने प्रयोगशाळेचे हातमोजे घातले आणि एकेक बाटली, एकेक पट्टी वेगळी करून पिशवीत भरली. काका एकेकीची आठवण सांगत होते: हा काकूचा शेवटचा खोकला, ही काकूच्या गुडघ्याची नळी. तेव्हा मला कळलं की त्या डब्यात ते औषधं ठेवत नव्हते. ती नळी तेवढी हिने पुसून त्यांच्या हातात परत दिली.

ऑफिसने पाठवलेल्या चौकशीच्या कागदावर प्रश्न होता: ‘सदर औषध कोणाच्या सल्ल्याने घेतले?’ मी लिहिलं, ‘स्वतःच्या.’ वाक्य शुद्ध होतं. शिवाय खरंही होतं. बाटली काकांची होती, अक्कल माझी होती.

वैद्यकीय मंडळाची तारीख आली तोवर दाब अठरावर उतरला होता आणि अक्षरांची लव गेली होती. मंडळात तीन डॉक्टर होते. एकाने माझा उजवा डोळा झाकला आणि म्हणाला, “समोर बघून वाचा.” त्याला तक्ता अपेक्षित होता. मला तक्त्याच्या बाजूची पाटी दिसली.

“‘धुम्रपान निषिद्ध.’ धू दीर्घ हवा.”

तिघांनी वळून पाटीकडे पाहिलं. बहुधा ती पाटी मंडळाइतकीच जुनी होती. अध्यक्षांनी प्रमाणपत्रावर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसलो, तर समोर एक सडपातळ, सभ्य गृहस्थ येऊन उभे राहिले. गेले तेवीस दिवस ते आपल्याच केबिनच्या बाहेर, पाहुण्यांच्या बाकावर पास लावून बसत होते. स्वतःची नेमणूक या वेळी ते डोळ्यांदेखत पार पाडणार होते.

“मी वाचतो, तुम्ही तपासा,” ते म्हणाले आणि हस्तलिखित हातात घेऊन खुर्चीत बसले. संचालक माझ्यासमोर बसून अक्षर अक्षर वाचायला लागले: “न ला पहिली वेलांटी. य ला पहिला उकार. क्त ला दुसरी वेलांटी.”

“सावकाश, साहेब.”

“मला काही घाई नाही,” ते म्हणाले. “मी निवृत्त आहे.”

मी वर पाहिलं. ते हसत होते. मला वाटतं, तेवीस दिवसांत त्यांना भेटलेला मीच पहिला माणूस होतो, ज्याच्याकडे त्यांचं खरोखर काम होतं. शुद्धिपत्रक आम्ही तीन वेळा वाचलं. संध्याकाळी ते छापून आलं. मला समज देण्यात आली, लेखी, आणि त्या समजेच्या दुसऱ्या ओळीत ‘निष्काळजीपणा’ मधला ष पोटफोड्याऐवजी शहामृगाचा होता. मी दुरुस्त करून सही केली.

डॉक्टरने कडेची तपासणी केली. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात, वरच्या अंगाला, एक तुकडा गेला आहे. फार मोठा नाही. टपाल तिकिटाएवढा म्हणा. तो परत येणार नाही, आणखी जाणार मात्र नाही, दर सहा महिन्यांनी दाब तपासत राहिलो तर. वाचायला अडचण नाही. रस्त्यात डावीकडून एखादी सायकल एकदम उगवते, एवढंच.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. इतकी वर्षं ही रस्त्याने माझ्या चार पावलं पुढे चालायची आणि मी मागून “अगं हळू” म्हणायचो. परवा बाजारातून येताना माझ्या लक्षात आलं की ती माझ्या बरोबरीने चालते आहे, डाव्या बाजूने. केव्हापासून, ते मला सांगता यायचं नाही.

“खड्डा आहे,” ती म्हणाली.

“दिसतोय मला.”

“दिसतोय तर पाय का टाकताय?” ती म्हणाली, आणि तिने माझा दंड धरून मला उजवीकडे सारलं.